तिसऱ्या अक्षराखाली दोन बोटं

वारा सुटला तो दुपारी चारच्या सुमाराला, आणि अर्ध्या तासात वस्तीतल्या प्रत्येक पत्र्याचं पाणी जोखून निघूनही गेला. मिस्त्रीच्या घराला पत्र्याची धास्ती नव्हती. घर त्यानं आणि त्याच्या धाकट्या भावानं मिळून स्वतःच्या हातांनी बांधलेलं, वर चांगला जाड स्लॅब. पण त्या स्लॅबच्या कोपऱ्यात टीव्हीची छत्री होती. वाऱ्यानं नेमकी तीच धरली.

मिस्त्रीण कामावरून परतली तेव्हा घरात शांत होतं. इतकं शांत की ती दारातच थबकली. एरवी गल्लीच्या तोंडाशी वळलं की टीव्हीचा आवाज कानावर यायचा, आणि आपला माणूस जागा आहे, बरा आहे, एवढं तिला दुरूनच कळायचं. ती चप्पल न काढताच आत गेली.

मिस्त्री कॉटवर बसला होता. पाठीला उशी, डावा पाय सरळ. समोर टीव्ही चालूच होता, पण पडदा नुसता निळा, आणि मधोमध एक ओळ. सिग्नल नाही.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"वारा आल्यापासून."

"मग बंद तरी करायचा."

"बंद केल्यावर आला, तर कळणार कसं?"

ती हातपाय न धुताच बाहेरच्या लोखंडी शिडीनं वर गेली. छत्रीचा खांब एका बाजूला कलला होता. खालच्या पट्टीचे तीन बोल्ट काँक्रीटमधून उपटून आले होते, चौथा कसाबसा धरून होता. छत्री तोंड खाली घालून बसली होती, शाळेत मार खाऊन आलेल्या पोरासारखी. वाकली मात्र नव्हती. पलीकडं, मधल्या कमरेएवढ्या कठड्याच्या पुढं, धाकट्याच्या स्लॅबवरची छत्री जिथल्या तिथं ताठ उभी होती. दोन्ही छत्र्या एकाच दिवशी आणलेल्या, एकाच कंपनीच्या. वाऱ्यानं घर बघून दान टाकलं होतं.

तिनं खाली येऊन कंपनीला फोन लावला. बऱ्याच गाण्यांनंतर एक मुलगी बोलली. सगळ्या भागात हेच झालंय, म्हणाली, आठ-दहा दिवस लागतील. माणूस मशीन घेऊनच येतो, तोवर तुम्ही हात लावू नका.

"आठ-दहा दिवस," मिस्त्रिणीनं कॉटकडं न बघता सांगितलं.

मिस्त्री निळ्या पडद्याकडं बघत बसला.

आठ महिन्यांपूर्वी तो दुसऱ्या मजल्याच्या परांचीवरून पडला होता. मांडीच्या हाडात सळई घातली, टाके सुकले, आणि डॉक्टरांनी सांगितलं की आता वॉकर घेऊन रोज चाला, नाहीतर पाय आखडेल. दोन दिवस तो चालला. तिसऱ्या दिवशी गल्लीत, ज्याचं घर त्यानंच बांधलं होतं त्या दुकानदाराच्या पायरीसमोर, तो चारचौघांत आडवा झाला. लोकांनी उचलून घरी आणलं. त्यानंतर वॉकर कोपऱ्यात गेला, आणि त्यावर टॉवेल वाळत पडायला लागले. मिस्त्री टीव्हीला लागला तो तेव्हापासून. सकाळी डोळे उघडले की लावायचा. कुठल्यातरी लांबच्या देशातले पूल बांधताना दाखवायचे, ते तो आवडीनं बघायचा आणि तिथल्या गवंड्यांना नावं ठेवायचा. "भिंत बघ त्याची. पोटुशी बाईसारखी फुगलीय." मिस्त्रीण भांडी घासता घासता हं म्हणायची. बोलतो आहे हेच पुष्कळ होतं.

टीव्ही गेला तसा त्याच्या बोलण्याला एकच विषय उरला. गाठ.

परांचीची दोरी त्या दिवशी धाकट्यानं बांधली होती. मिस्त्रीचं म्हणणं, गाठ सुटली आणि फळी सरकली. धाकट्याचं म्हणणं, गाठ शाबूत होती, दादानं पाय फळीच्या बाहेर टाकला. दवाखान्यातच दोघांची जुंपली, आणि तेव्हापासून भिंतीला भिंत लागून असलेल्या दोन घरांत बोलणं बंद. बायकांचं भांडण नव्हतं, पण नवऱ्यांचं होतं, म्हणून त्याही बोलेनाशा झाल्या. दळणाच्या गिरणीत समोरासमोर आल्या तर दोघी डब्यात बघायच्या.

"वीस वर्षं शिकवला त्याला," मिस्त्री रात्रीचं जेवताना सुरू झाला. "थापी धरायला मी शिकवलं. आणि साधी गाठ मारता येईना."

"जेवा आता."

"साधी गाठ."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या कपाबरोबर तेच. टीव्ही होता तोवर हे सगळं त्या आवाजाखाली दडपलेलं होतं. आता झाकण निघालं होतं. मिस्त्रिणीला वाटलं, आणखी आठ दिवस हे ऐकलं तर आपणच वेड्या होऊ.

ती दुसऱ्याच्या हाताखाली कामाला जायची, बंगल्याच्या बांधकामावर. पूर्वी मिस्त्रीबरोबर जायची तेव्हा सगळे तिला मिस्त्रीणबाई म्हणायचे. आता तिथला गवंडी पंचवीस वर्षांचा होता, मिस्त्रीच्याच हाताखाली शिकलेला. पहिले चार दिवस तो वहिनी म्हणाला, मग बाई, आणि आता नुसतं, "ए, माल आण." ती घमेलं उचलायची. त्याची भिंत डावीकडं झुकतेय हे तिला दिसायचं. अठरा वर्षं नवऱ्याच्या भिंतीला माल पुरवताना तिचा डोळा तयार झाला होता, पण तिला कुणी विचारलं नव्हतं आणि तिनं कधी सांगितलं नव्हतं.

बुधवारी दुपारच्या सुट्टीत तिनं तिथल्या वायरमनला गाठलं. तो सावलीत पाय पसरून बसला होता.

"मला वेळ नाही," तो आधीच म्हणाला. "सगळ्या गावाच्या छत्र्या पडल्यात."

"या म्हणत नाही. कसं लावतात तेवढं सांगा."

वायरमननं तिच्याकडं नीट बघितलं. "तुम्ही लावणार?"

"नाहीतर कोण लावणार?"

त्याला ते पटलं असावं. त्यानं खडीतला एक दगड उचलून जमिनीवर रेघा ओढल्या. "हे बघा. आधी खांब. खांब ओळंब्यात हवा, तसूभर इकडं तिकडं नको. वाकड्या खांबावर छत्री डावीउजवीकडं फिरवायला गेलात की ती वरखालीपण होते, मग जन्मभर शोधत बसा. खांब सरळ असला की दोनच गोष्टी उरतात. मान किती वर, आणि तोंड कुणीकडं. टीव्हीत सिग्नलची पट्टी लागते, ती खाली कुणीतरी बघायची. केसभर हलवायचं आणि दहा आकडे मोजायचे. डब्याला कळायला वेळ लागतो. माणसं भसाभस फिरवतात आणि सिग्नल हातचा जातो."

"आणि तोंड कुणीकडं ते कसं कळायचं?"

"माझ्याकडं मशीन असतं." त्यानं दगड टाकून दिला. "तुम्हाला नशीब लागेल."

गुरुवारी कामावरून येताना तिनं पिशवीत थोडं सिमेंट मागून आणलं. उजेड अजून तासभर होता. ती माळ्याकडं गेली आणि मिस्त्रीची हत्यारांची पिशवी खाली ओढली. आठ महिन्यांची धूळ बसली होती तिच्यावर.

"त्याला कशाला हात लावतेस?" मिस्त्री कॉटवरून म्हणाला.

"ओळंबा पाहिजे. खांब बसवतेय."

"तू?"

ती पिशवी घेऊन त्याच्याजवळ आली आणि त्याच्या मांडीशी ठेवली. बऱ्या मांडीशी. "काढून द्या. मला त्यातलं काही सापडायचं नाही."

सापडलं असतं. त्या पिशवीतली वस्तू न वस्तू तिनं हजार वेळा त्याच्या हातात दिली होती. मिस्त्रीनं नाडी सोडली. थापी, पातळी, छिन्नी, सुताची गुंडी एकेक करून चादरीवर काढून ठेवली. ओळंबा सगळ्यात खाली होता. त्यानं दोरा बोटाला गुंडाळून तो सोडला. पितळी वजन हवेत थोडं फिरलं आणि स्थिर झालं. मिस्त्री ते स्थिर होईपर्यंत बघत राहिला.

"जुन्या भोकांत बोल्ट धरणार नाही," तो म्हणाला. "चार बोटं बाजूला नवी पाड. खोल पाड. पाणी मारून घे आधी, कोरड्या भोकात माल टाकू नकोस."

"बरं."

"आणि खिडकी उघड. मला ऐकू आलं पाहिजे."

छिन्नीनं चार भोकं पाडताना तिचा तळहात फुटला. वरचा स्लॅब दिवसभर तापलेला, संध्याकाळ झाली तरी गुडघे टेकवत नव्हते. तिनं घमेलं वाहिलं होतं, माल कालवला होता, वीट भिजवली होती, पण बसवणं कधी तिच्या हातात आलं नव्हतं. बसवणारा नेहमी दुसरा. तिनं बोल्ट भोकांत उभे केले, माल दाबला, खांब ठेवला, वरून ओळंबा सोडला आणि दोरा खांबापासून किती लांब ते बोटांनी मोजलं.

"वर किती?" खिडकीतून आवाज आला.

"एक बोट."

"खाली?"

"दीड."

"मग ताठ कुठाय? दोऱ्याच्या बाजूनं पट्टीखाली पाचर मार. पातळ."

तिनं विटेची चीप सरकवली. "आता वर एक, खाली एक."

"दुसऱ्या बाजूनं लाव. एका बाजूनं ताठ असलेली पुष्कळ माणसं असतात."

ती खुदकन हसली. हे तो पूर्वी कामावर म्हणायचा, नव्या पोरांना. दुसऱ्या बाजूनं दोरा अर्धं बोट चुकत होता. पुन्हा चीप, पुन्हा दोरा. अंधार पडायच्या आत खांब बसला. ती खाली आली तेव्हा मिस्त्रीनं तिचा हात बघितला आणि नुसतं म्हणाला, "उद्यापर्यंत हात लावू नकोस त्याला. पाणी मार सकाळी."

त्या रात्री गाठीचा विषय निघाला नाही.

शुक्रवारी संध्याकाळी तिनं छत्री खांबावर चढवली, वायर जोडली आणि नट अर्धवट आवळले. मिस्त्रीनं रिमोटनं सिग्नलची पट्टी काढली. दोन पट्ट्या होत्या, एक ताकद, एक क्वालिटी. ताकदीची थोडी भरलेली, खालची कोरडी ठणठणीत.

"शून्य," तो खिडकीतून म्हणाला.

तिनं केसभर हलवलं, दहा आकडे मोजले.

"शून्य."

पुन्हा केसभर, पुन्हा दहा. तास गेला. मान वर केली, खाली केली, तोंड या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून आणलं. तिचे खांदे भरून आले. खालून तोच आवाज, आधी सांगितल्यासारखा, मग कंटाळल्यासारखा, मग चिडल्यासारखा. शून्य. शून्य. शून्य.

"तुला डोळाच नाही," शेवटी तो म्हणाला. "जाऊ दे. खाली ये. गवंड्याच्या बायकोला घमेल्यापलीकडं काय कळणार."

ती खाली आली. दारात उभी राहिली. हातात पाना तसाच होता.

"अठरा वर्षं तुमच्या भिंती बघितल्यात मी," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "कुठली कुठं झुकली तेही बघितलंय. शाळेच्या मागची भिंत तुम्ही दोनदा पाडलीत, ती मी सांगितलं म्हणून. आठवतंय? तुम्ही लोकांना सांगितलंत, माझ्या लक्षात आलं."

मिस्त्री पडद्यावरच्या पट्टीकडं बघायला लागला.

"आणि डोळा असलेले पडतात कसे परांचीवरून?"

हे तिला बोलायचं नव्हतं. तोंडातून निघून गेलं. मिस्त्रीनं तोंड भिंतीकडं फिरवलं. ती जेवण वाढायला गेली. त्यानं ताट तसंच ठेवलं, आणि झोपताना तिनं त्याचा पाय उचलून उशीवर ठेवला तेव्हा पाय लाकडासारखा ताठ केला.

शनिवारी दोघंही बोलले नाहीत.

रविवारी तिला सुट्टी होती. दहाच्या सुमाराला ती धुणं वाळत घालायला वर गेली. ऊन लख्ख पडलं होतं, तळपाय ठेववत नव्हता. पाण्याच्या टाकीच्या सावलीत पाय ठेवून ती उभी राहिली आणि सवयीनं पलीकडच्या छत्रीकडं बघितलं. शुक्रवारी तिनं आपल्या छत्रीचं तोंड त्या छत्रीसारखं फिरवून बघितलं होतंच. नजरेनं सारखं दिसायचं, पण सिग्नल यायचा नाही. नजरेला बोटभराचा फरक कळत नाही.

आज तिला वेगळं दिसलं. छत्रीच्या पोटातून जी दांडी पुढं येते, तिच्या टोकाला एक बोंड असतं. त्या बोंडाची सावली पलीकडच्या छत्रीच्या पोटावर पडली होती. काळी, नेटकी, सुपारीएवढी. तिनं आपल्या छत्रीकडं बघितलं. इथंही सावली होती, पण भलतीकडं, कडेला.

ती तशीच उभी राहिली. हातातला ओला टॉवेल ठिबकत होता.

ऊन एकच आहे, तिच्या मनात आलं. छत्र्या सारख्या आहेत. मग तोंडं एका दिशेला असली, तर सावल्याही एकाच जागी पडायला हव्यात.

छत्रीच्या पोटावर कंपनीचं नाव छापलेलं होतं, दोन्हीकडं सारखंच. पलीकडची सावली कुठल्या अक्षरावर आहे ते इथून दिसेना. ती कठड्याला पोट टेकवून वाकली. तरी नाही. आणि दिसलं असतं तरी काय. इकडं येऊन नट ढिला करून फिरवेपर्यंत सूर्य थोडाच थांबणार होता. सावली सरकायची. तिथं कुणीतरी उभं राहून सांगत राहायला हवं होतं.

तेवढ्यात पलीकडच्या जिन्याचं दार वाजलं आणि जाऊ बादली घेऊन वर आली.

दोघी थांबल्या. जावेनं नजर बादलीत घातली. मिस्त्रीण एकदा खाली, खिडकीच्या दिशेनं, बघून आली. तो ऐकत असणार. तिकडं धाकटाही घरात होता, पाट्यावर काहीतरी घासल्याचा आवाज येत होता. मग तिनं हात हलवला. जावेनं वर बघितलं. मिस्त्रिणीनं आपल्या छत्रीवरच्या सावलीवर बोट ठेवलं, मग तिच्या छत्रीकडं बोट केलं, मग दोन्ही तळहात उताणे केले.

जाऊ काही वेळ नुसती बघत राहिली. तिला वाटलं, थोरलीला ऊन लागलं. मग ती आपल्या छत्रीजवळ गेली, वाकली, सावली बघितली, इकडची बघितली, आणि तिच्या चेहऱ्यावर उजेड पडला. तिनं तीन बोटं वर केली. तिसरं अक्षर. मग खाली हात दाखवून दोन बोटं आडवी धरली. अक्षराखाली दोन बोटं.

मिस्त्रीण छत्रीला भिडली. पाना लावून नट ढिला केला. आधी तोंड. सावली कडेवरून आत आली, चौथं अक्षर ओलांडून तिसऱ्याकडं. मग मान. मान वर नेली तर सावली उलटी पळाली. तिनं जीभ चावली. खाली आणली. एक बोट. जावेनं तिकडून हात हलवला, थांब, आणि दोनाऐवजी दीड बोट दाखवलं. सूर्य सरकला होता. मिस्त्रिणीनं पुन्हा मान हलवली. जावेनं मागं बघून पाऊल टाकलं ते थेट बादलीत. पाणी सांडलं, ती एका पायावर नाचली, आणि मिस्त्रिणीला हसू आवरलं नाही.

"कोण हसलं?" खालून आवाज आला. शुक्रवारनंतरचा पहिला शब्द.

"मी."

"कशाला?"

"पाय भाजला म्हणून."

"पाय भाजल्यावर हसतं का कुणी?" मग, "वर काय चाललंय?"

"टीव्ही लावा. पट्टी काढा."

रिमोटचा शोध, कॉटचा करकर आवाज. जावेनं ओठांवर बोट ठेवलं आणि सावलीजवळ बोट धरून उभी राहिली. दीड. अजून दीड. मिस्त्रिणीनं सावलीची कड अक्षराच्या पोटाखाली नेमकी आणली आणि श्वास धरून दहापर्यंत मोजलं.

"बावीस," मिस्त्री म्हणाला.

ती हलली नाही. तिला वाटलं आपल्याला भास झाला.

"अगं, बावीस. क्वालिटी बावीस. ऐकू आलं का?"

"आलं."

"हलवू नकोस. म्हणजे हलव. केसभर. डावीकडं."

ती केसभर डावीकडं गेली.

"अठरा. उलटं ये."

"अं."

"तीस. थांब, चढतंय. चव्वेचाळीस. अजून जरासं. एकसष्ट." त्याच्या आवाजात आठ महिन्यांत न ऐकलेलं काहीतरी होतं, कामावर असताना असायचं ते. "अजून. अडुसष्ट. अजून. पासष्ट. उतरलं, पुढं गेलीस. आता मागं ये, अर्धं. अर्ध्याचं अर्धं."

"किती?"

"एकोणसत्तर. आता मान. मान नखभर वर."

"बरं."

"अठ्ठ्याहत्तर. हात काढ. हात काढून सांग मला."

तिनं हात काढला.

"अठ्ठ्याहत्तर. आवळ आता. एकदम एक नट आवळू नकोस, ओढला जाईल. थोडा हा, थोडा तो."

तिनं नट आवळले. खालून माणसांच्या बोलण्याचा, कुठल्यातरी जाहिरातीचा मोठा आवाज एकदम फुटला. ती कठड्याशी गेली. जाऊही आली. मधे एक कमरेएवढी भिंत होती, तिच्या वरच्या थरावर दोघींचे हात.

"ताई," जाऊ हळू म्हणाली. आठ महिन्यांनी. "हे परांचीवर चढत नाहीत आता. लोकांना सांगतात फरशीचं काम बरं पडतं. खालीच बसून करतात सगळं."

"कधीपासून?"

"तेव्हापासूनच."

मिस्त्रीण खाली आली. मिस्त्री टीव्हीकडं बघत नव्हता, दाराकडं बघत होता. "कसं जमवलंस?" त्यानं विचारलं. "शुक्रवारी शून्य होतं."

खोटं सांगता आलं असतं. नशीब म्हणता आलं असतं. तिनं तांब्यातलं पाणी प्यायलं आणि सगळं सांगितलं. सावली, अक्षर, दोन बोटं, बादली. आणि शेवटी परांचीचं.

मिस्त्रीनं ऐकून घेतलं. हातातला रिमोट उलटासुलटा केला. टीव्हीवर कुणीतरी हसत होतं, त्याचा आवाज त्यानं बंद केला.

"सावलीचं सुचलं कसं तुला?" तो म्हणाला.

"दिसलं."

"हं." त्यानं मान हलवली. मग टीव्हीच्या दिशेनं बघत तो म्हणाला, "बोलव त्याला."

मिस्त्रीण बाहेरून वळसा घालून गेली. पुढच्या दारानं, भर दुपारी, सगळ्या गल्लीसमोरून. धाकटा ओसरीत बसून छिन्नीला धार लावत होता. वहिनीला बघून तो उभा राहिला. काय सांगावं ते तिनं ठरवलं नव्हतं.

"तुमच्या दादांनी टीव्ही बघायला बोलावलंय," ती म्हणाली.

"आमच्याकडं आहे की टीव्ही."

"ठाऊक आहे. तरी बोलावलंय."

धाकट्यानं हात धुतले. पुन्हा धुतले. पुसायला काही सापडेना तसा ओल्या हातांनीच आला. आत आल्यावर आधी त्याची नजर पायाकडं गेली. पाय वाळून काठीसारखा झाला होता, गुडघ्याची वाटी तेवढी वर आलेली. तो दाराशीच भिंतीला टेकून बसला. मिस्त्रीनं टीव्ही लावला होता, आवाज मात्र बंदच. दोघं भाऊ मुका टीव्ही बघत बसले. मिस्त्रीण चहाला ठेवायला गेली आणि चूल पेटवायची विसरून तिथंच उभी राहिली.

"गाठ पक्की होती," मिस्त्री म्हणाला. "पाय मीच बाहेर टाकला. चप्पल ओली होती."

धाकटा आपल्या ओल्या हातांकडं बघत राहिला.

"पडता पडताच कळलं होतं मला. खाली येईपर्यंत."

"मग?"

"मग काय. पडलेला माणूस आधी दुसऱ्याकडं बोट करतो. केलेलं बोट मग खाली घेता येईना."

धाकट्यानं मान वर केली. "आठ महिने मी तीच गाठ मारून बघतोय, दादा," तो म्हणाला. "रोज. दाराच्या कडीला दोरी बांधतो आणि लोंबकळतो. सुटत नाही. एकदाही सुटली नाही. पण तू म्हणालास म्हणून मलाच वाटायला लागलं की त्या दिवशी सुटली असेल. रस्त्यात नमस्कार करणारी माणसं माझ्या हातांकडं बघतात असं वाटायचं."

मिस्त्रीनं त्याच्याकडं बघितलं.

"चहा टाकतेय, घेऊनच जा," मिस्त्रीण आतून म्हणाली.

"नको, वहिनी." धाकटा उठला आणि निघून गेला. दार त्यानं आपटलं नाही, अगदी हळू लावलं. मिस्त्रिणीला ते आपटण्यापेक्षा वाईट वाटलं. बिघडलं, ती मनात म्हणाली, होतं ते पण बिघडलं. संध्याकाळी मिस्त्री पुलांचा कार्यक्रम लागला तरी कुणाला नावं ठेवत नव्हता.

सोमवारी ती कामाला गेली. तिथल्या गवंड्यानं माल मागितला तसं तिनं घमेलं ठेवलं आणि म्हणाली, "भिंत डावीकडं जातेय. ओळंबा लाव." तो आधी हसला, मग त्यानं लावला. मग पुढचा अर्धा तास तो वरचे तीन थर उतरवत होता. दुपारी माल मागताना तो नुसतं "ए" म्हणाला नाही.

ती परत निघाली तेव्हा गल्लीच्या तोंडाशीच टीव्ही ऐकू आला. दार उघडं होतं. तिनं चप्पल काढली, आत पाऊल टाकलं.

कॉट रिकामी होती.

चादर विस्कटलेली, उशी खाली. टीव्ही आपल्या नादात बोलत होता. मग तिला जमिनीवर पडलेले टॉवेल दिसले, आणि कोपरा दिसला. कोपऱ्यात वॉकर नव्हता. त्याच वेळी परसातून आवाज आले.

"कमरेला धर म्हणतो तर खांद्याला काय धरतोस?"

"तू आधी पाय तरी टाक. नुसता उभा राहून मला शिकवू नकोस."

"टाकतोय. हं. हा टाकला. ही भिंत कुणी घातली रे?"

"आपणच."

"मी नव्हतो. मी असतो तर वरचा थर असा नसता."

"तूच होतास. मी माल देत होतो."

मिस्त्रीण मागच्या दारापर्यंत गेली आणि कडेनं बघितलं. मिस्त्री वॉकरला दोन्ही हातांनी गच्च धरून उभा होता, सदरा पाठीला चिकटलेला, चेहरा घामानं चमकत होता. धाकट्यानं एका हातानं त्याच्या पँटचा पट्टा मागून धरला होता आणि दुसरा हात छातीपुढं आडवा ठेवला होता. दोघं भिंतीच्या वरच्या थराबद्दल तावातावानं भांडत होते. मधेच मिस्त्री एक पाऊल टाकायचा, दात खायचा, आणि पुन्हा भांडायचा.

ती बाहेर गेली नाही. आत आली, टॉवेल उचलले, चादर सारखी केली. टीव्ही बंद करायला रिमोट घेतला. मग कॉटच्या कडेवर बसली. तळपायांना कालचे फोड होते, ते ठणकत होते. तिनं पाय वर घेतले आणि उशीला पाठ टेकली. कुणा अनोळखी गावातला पाऊस आणि वारा सांगणारा माणूस पडद्यावर हातवारे करत होता. तिनं रिमोटचं एक बटण दाबलं. तो गेला, दुसरं काहीतरी आलं. या टीव्हीवर आपल्याला काय बघायला आवडतं हे तिला ठाऊक नव्हतं. ती एकेक चॅनल लावून बघत गेली.